डॅनी मॅग्रेन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅनी मॅग्रेन कोण?

स्कॉटलंडचा आणि ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबचा राइट-बॅक, म्हणजे बचावफळीची उजवी बाजू सांभाळणारा खेळाडू. जन्म १ मे १९५०, ग्लासगोतल्या फिनिस्टन भागात. सेल्टिककडून ६६३ सामने, स्कॉटलंडकडून ६२, आणि दोन्ही संघांचा कर्णधार. एका ओळीत ओळख करून द्यायची तर इतकं पुरे. पण त्याच्याबद्दल लोक जे विचारतात ते आकड्यांचं नसतंच. कवटी फुटलेला, रोज इन्शुलिन टोचून घेणारा आणि घोट्याच्या दुखण्याने वर्षाहून जास्त घरी बसलेला माणूस छत्तिसाव्या वर्षी लीग जिंकणाऱ्या संघात होता कसा, हे विचारतात. खालची बरीचशी उत्तरं त्याच एका प्रश्नाभोवती फिरणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

तो लहानपणी रेंजर्सचा पाठीराखा होता म्हणे. मग सेल्टिकमध्ये कसा गेला?

ग्लासगोत हा किस्सा अजूनही चवीने सांगतात. सेल्टिक हा क्लब १८८७ मध्ये शहराच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश स्थलांतरितांसाठी ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने काढला. त्यामुळे त्याचे पाठीराखे प्रामुख्याने कॅथलिक. रेंजर्स हा त्याच शहरातला प्रॉटेस्टंटांचा क्लब, आणि कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही हा त्यांचा कुठेही न लिहिलेला पण सगळ्यांना ठाऊक असलेला नियम. मॅग्रेनचं घर प्रॉटेस्टंट आणि तो स्वतः रेंजर्सवाला. शहराच्या वायव्य टोकाला, दुसऱ्या महायुद्धानंतर वसवलेल्या ड्रमचॅपल वसाहतीत तो वाढला. शालेय फुटबॉलमध्ये नाव झालं तेव्हा रेंजर्सच्या माणसांची नजर त्याच्यावर पडली होती. पण डॅनियल फर्गस मॅग्रेन हे नाव ऐकून त्यांनी परस्परच ठरवून टाकलं की पोरगा कॅथलिक असणार, आणि विषय तिथेच संपवला.

सेल्टिकला असल्या भानगडीत रस नव्हता. त्यांचा व्यवस्थापक जॉक स्टीन स्वतः प्रॉटेस्टंट होता. गुणी कॅथलिक मुलगा आज ना उद्या आपल्याकडेच येणार, तेव्हा आधी प्रॉटेस्टंट मुलगा गाठावा, असं स्टीनचं गणित असल्याचं सांगतात. १९६७ मध्ये त्याने मॅग्रेनला करारबद्ध केलं. त्याच सुमाराला रेंजर्सच्या इब्रॉक्स मैदानाजवळ राहणारा आणखी एक रेंजर्सवेडा मुलगा त्याने उचलला, तो केनी डॅल्ग्लिश. रेंजर्सने आपला नियम उघडपणे मोडला तो १९८९ मध्ये, कॅथलिक मो जॉन्स्टनला घेऊन. तोपर्यंत मॅग्रेनची अख्खी कारकीर्द आटोपली होती.

‘क्वालिटी स्ट्रीट गँग’ म्हणजे काय?

क्वालिटी स्ट्रीट हा तिकडचा रंगीत कागदातल्या चॉकलेट-टॉफीचा प्रसिद्ध डबा. सेल्टिकच्या राखीव संघातल्या गुणी पोरांच्या टोळक्याला साठच्या दशकाच्या अखेरीस हे नाव पडलं. सेल्टिकने २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला होता. त्या संघातले अकराही खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले. आता या अकरांच्या मागे रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. पण रांगेतले तरी कोण! मॅग्रेन, डॅल्ग्लिश, डेव्हिड हे, लू मकारी, जॉर्ज कॉनेली, व्हिक डेव्हिडसन, पॉल विल्सन. हा राखीव संघ बऱ्याच क्लबांच्या मुख्य संघाला घाम फोडेल असा होता.

यातला पॉल विल्सन आपल्यासाठी विशेष. त्याचा जन्म १९५० चा, बंगळूरचा. १९७५ च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यात एअरड्रीविरुद्ध सेल्टिकने ३-१ असा विजय मिळवला त्यात दोन गोल विल्सनचे होते. स्कॉटलंडकडून तो एकच सामना खेळला, त्याच वर्षी स्पेनविरुद्ध. त्याच्या रंगावरून प्रेक्षकांतून काय काय ओरडलं जायचं ते लिहिण्यासारखं नाही.

मॅग्रेनचा खेळ नेमका कसा होता?

सुरुवातीला तो मधल्या फळीत खेळायचा आणि मग स्टीनने त्याला फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू केलं. हे लक्षात ठेवलं की त्याच्या खेळाचा उलगडा होतो. त्या काळातला सर्वसाधारण ब्रिटिश फुल-बॅक म्हणजे समोरच्या विंगरला, कडेने धावणाऱ्या आक्रमकाला, आडवा करायचा, चेंडू दिसेल तिकडे भिरकावायचा आणि अर्धी रेषा ओलांडली तर पाप लागेल अशा थाटात वावरायचा. सेल्टिकमध्ये टॉमी गेमेलने डाव्या बाजूने ही पद्धत आधीच मोडली होती. लिस्बनच्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल या डाव्या फुल-बॅकनेच मारला होता. मॅग्रेनने उजवी बाजू घेतली.

तो टॅकल जबरदस्त करायचा, पण त्याची खासियत टॅकलच्या पुढच्या दोन सेकंदांत होती. चेंडू काढून घेतला की तो पायाशी ठेवून मान वर करायचा आणि सरळ पुढे निघायचा. समोरच्या विंगरची पंचाईत व्हायची. मॅग्रेनच्या मागे धावावं तर आपलं आक्रमण थंड पडतं, न धावावं तर तो क्रॉस टाकून मोकळा होतो. ज्याला बचावपटूला दमवायचं होतं तोच दमून जायचा. आज बॅकने पुढे जाणं यात कुणाला नवल वाटत नाही, पण आजच्या बॅकमागे झाकायला माणूस नेमून दिलेला असतो. मॅग्रेनला पुढे जाऊन परत यायचं कामही स्वतःच करायचं होतं, तेही सत्तरच्या दशकातल्या चिखलात.

उणीव एकच, गोल. सतरा हंगामांत त्याचे गोल हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. शॉट मारायच्या जागी तो पोचायचा, पण तिथून चेंडू जायचा तो बहुधा प्रेक्षकांत.

कवटी फुटली होती ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. मार्च १९७२, फॉल्कर्कचं ब्रॉकव्हिल मैदान. उंच चेंडूसाठी उडी मारताना फॉल्कर्कच्या डग सॉमनरशी डोक्याला डोकं आपटलं आणि मॅग्रेनच्या कवटीला तडा गेला. पहिल्या संघात त्याने पाऊल ठेवलं होतं ऑगस्ट १९७० मध्ये, डंडी युनायटेडविरुद्धच्या लीग कप सामन्यात. म्हणजे जागा नुकती कुठे हाताशी येत होती. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती आणि पुन्हा खेळता येईल की नाही ही शंका. पण पुढच्याच हंगामात तो परतला, डोक्याने चेंडू मारायला लागला, आणि मे १९७३ मध्ये वेल्सविरुद्ध स्कॉटलंडकडून पदार्पणही करून बसला.

१९७४ च्या वर्ल्डकपमध्ये नक्की काय घडलं?

दोन गोष्टी घडल्या. एक सगळ्या जगाने पाहिली, दुसरी त्याची त्यालाही कळली नाही.

पाहिलेली आधी. स्कॉटलंड १९५८ नंतर प्रथमच वर्ल्डकपला पात्र ठरलं होतं. सप्टेंबर १९७३ मध्ये हॅम्पडन पार्कवर चेकोस्लोव्हाकियाला २-१ हरवलं तेव्हा मॅग्रेन संघात होता, पण लेफ्ट-बॅक म्हणून! कारण उजवीकडे रेंजर्सचा सँडी जार्डिन होता आणि तोही अव्वल. दोघांपैकी एकाला बसवण्यापेक्षा मॅग्रेनला डावीकडे सरकवलं गेलं. उजव्या पायाचा खेळाडू, परकी बाजू, आणि थेट वर्ल्डकप. पश्चिम जर्मनीत स्कॉटलंडने झाईरला २-० हरवलं, ब्राझीलला गोलशून्य बरोबरीत रोखलं, युगोस्लाव्हियाशी १-१ अशी बरोबरी केली. तिन्ही सामने मॅग्रेन खेळला. अख्ख्या स्पर्धेत एकही सामना न हरलेला एकमेव संघ स्कॉटलंड, आणि तो पहिल्याच फेरीत बाहेर. गोलफरक, म्हणजे मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतलं अंतर! युगोस्लाव्हियाने त्याच झाईरला ९-० धुतलं होतं, ब्राझीलने ३-०. झाईरविरुद्ध दोन गोल झाल्यावर आपण हात आखडता का घेतला, यावर स्कॉटलंडमध्ये आजही वाद घालणारे भेटतील.

दुसरी गोष्ट शरीरातली. त्या काही आठवड्यांत मॅग्रेनला सारखी तहान लागत होती. पाणी पीत सुटायचा, तरी घसा कोरडा. वजन उतरत होतं, थकवा जाता जात नव्हता. उन्हाळा, प्रवास, मोठ्या स्पर्धेचा ताण, असं ज्याने त्याने मनाशी म्हटलं असणार. घरी परतल्यावर तपासणी झाली आणि निदान निघालं मधुमेहाचं, इन्शुलिनवाचून चालणार नाही अशा प्रकारचा. वय चोवीस. ब्राझीलला रोखणारा लेफ्ट-बॅक स्पर्धेत बहुधा आजारीच वावरत होता, असा याचा अर्थ.

मधुमेह असताना तो इतकी वर्षं खेळला कसा?

आपल्याकडे घराघरात मधुमेह आहे, त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात. आधी एक फरक ध्यानात घ्या. आपल्या काका-मावशींना पन्नाशीत होतो आणि गोळ्या-पथ्यावर बराच काळ निभावतो तो प्रकार वेगळा. मॅग्रेनच्या प्रकारात शरीर इन्शुलिन बनवणंच सोडून देतं. इंजेक्शन चुकवून चालत नाही.

आता १९७४ सालात जा. दंडावर चिकटवायचे सेन्सर नव्हते, घरी बोटाला टोचून साखर बघायची यंत्रंही सर्रास मिळत नव्हती. लघवीची तपासणी करायची, आणि ती जे सांगते ते काही तासांपूर्वीचं असतं. नव्वद मिनिटं पळणाऱ्याची अडचण दुहेरी. व्यायामाने साखर उतरते, त्यामुळे इन्शुलिन जरा जास्त झालं तर मैदानातच हातपाय कापायला लागणार. कमी घेतलं तर साखर चढून अंगातली ताकद जाणार. सामना दुपारी आहे की रात्री, सराव जोराचा आहे की हलका, परदेशात जेवण किती वाजता मिळणार, हे सगळं पाहून इन्शुलिन आणि जेवणाचा मेळ रोज अंदाजाने घालायचा. मॅग्रेनने तो तेरा वर्षं सेल्टिकसाठी घातला आणि आजाराबद्दल उघडपणे बोललाही. मधुमेह झालेल्या मुलांच्या आईबापांना त्या काळात दाखवायला एक माणूस मिळाला, याची किंमत ट्रॉफीत मोजता येत नाही. क्रिकेटवाल्यांना वसीम अक्रम आठवेल. त्याचं निदान १९९७ चं, म्हणजे मॅग्रेननंतर दोन दशकांनी.

मित्र इंग्लंडला गेले, तो का गेला नाही?

मकारी १९७३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला, डेव्हिड हे १९७४ च्या वर्ल्डकपनंतर चेल्सीला, डॅल्ग्लिश ऑगस्ट १९७७ मध्ये ४ लाख ४० हजार पौंडांना लिव्हरपूलला. कॉनेली तर फुटबॉललाच कंटाळून निघून गेला. सेल्टिक पगाराच्या बाबतीत हात आखडून असायचं, हे यामागचं साधं कारण. मॅग्रेन राहिला. त्याला क्लबविषयी जिव्हाळा होता हे उघड आहे, पण तेवढ्यावर सगळं सोपवणं मला पटत नाही. मधुमेह झालेल्या खेळाडूवर त्या काळी मोठी रक्कम लावायला किती क्लब धजावले असते, आणि ज्या डॉक्टरांना, ज्या दिनक्रमाला आपला आजार ठाऊक आहे ते सोडून जायला तो तरी किती तयार झाला असता? हा माझा तर्क, तर्क म्हणूनच घ्या.

डॅल्ग्लिश गेल्यावर कर्णधारपद मॅग्रेनकडे आलं आणि पुढची दहा वर्षं त्याच्याकडेच राहिलं.

१९७८ च्या वर्ल्डकपला तो का नव्हता?

१९७७ हे त्याचं सर्वोत्तम वर्ष. सेल्टिकने लीग आणि कप दोन्ही जिंकले, वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडला २-१ हरवलं (प्रेक्षकांनी मैदानात घुसून गोलपोस्ट मोडले तो सामना), आणि स्कॉटिश फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. जगातला सर्वोत्तम राइट-बॅक कोण, या चर्चेत त्याचं नाव गंभीरपणे घेतलं जात होतं.

ऑक्टोबर १९७७ मध्ये हिबर्नियनविरुद्ध घोट्याला मार बसला. सुरुवातीला कुणाला विशेष वाटलं नाही. काही आठवड्यांचं काम, असंच धरून चालले होते. पण दुखणं हटेना, आणि नेमकं बिनसलंय काय तेही कळेना. हंगाम गेला, वर्ल्डकप गेला, पुढचा हंगामही अर्धा सरत आला. डॅल्ग्लिश विकलेला आणि मॅग्रेन घरी, अशा अवस्थेत सेल्टिक लीगमध्ये पाचवं आलं आणि स्टीनची तेरा वर्षांची कारकीर्द संपली.

अर्जेंटिनात काय झालं ते पेरूच्या सामन्यात दिसलं. व्यवस्थापक अ‍ॅली मॅक्लाउडचा संघ आपण वर्ल्डकप घेऊनच येणार अशा गर्जना करत गेला होता. मॅग्रेन जायबंदी, नेहमीचा लेफ्ट-बॅक विली डोनाकी निलंबित. मग स्टुअर्ट केनेडी उजवीकडे आणि मुळात बचावफळीच्या मधोमध खेळणारा मार्टिन बुकन डावीकडे. पेरूच्या विंगरांनी दोन्ही बाजूंनी धुमाकूळ घातला, क्युबियासने दोन गोल मारले, निकाल ३-१. पुढे इराणशी १-१, आणि सगळं हातचं गेल्यावर नेदरलँड्सवर ३-२ असा विजय. एक राइट-बॅक असता तर सगळं पालटलं असतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पेरूविरुद्धची ती बाजू मात्र इतकी उघडी पडली नसती, हे ठामपणे म्हणता येईल.

परत आल्यावर तोच खेळाडू राहिला का?

नाही, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा हाच भाग सगळ्यात वाचनीय आहे.

१९७९ च्या सुरुवातीला तो परतला तेव्हा एकोणतिशीला आला होता आणि पूर्वीचा वेग गेला होता. वेगावर खेळणाऱ्या फुल-बॅकचं इथे बहुधा दुकान बंद होतं. मॅग्रेनने खेळाची मांडणीच बदलली. आधी तो विंगरला चेंडू घेऊ द्यायचा आणि मग काढून घ्यायचा. आता विंगरकडे चेंडू पोचायच्या आधीच तो त्या जागी असायचा. पुढे जाणं कमी झालं, पण निवडून. मधल्या फळीतल्या जुन्या दिवसांतला पास तेवढा शाबूत होता, आणि तोच त्याने पुढची आठ वर्षं वापरला.

त्या वर्षी कडाक्याच्या हिवाळ्याने कितीतरी सामने पुढे ढकलले गेले आणि लीगचा फैसला २१ मे १९७९ पर्यंत लांबला. समोर रेंजर्स. सेल्टिकला विजयच हवा होता, आणि ते ०-१ ने मागे असताना जॉनी डॉइलला लाल कार्ड मिळालं. दहा जणांनी तो सामना ४-२ जिंकला आणि लीगही. सेल्टिकचे जुने पाठीराखे लिस्बनच्या खालोखाल हीच रात्र सांगतात. कर्णधार मॅग्रेन.

१९८० च्या कप फायनलमधला गोल त्याचा की मॅक्क्लस्कीचा?

नोंदीत त्याचा सहकारी जॉर्ज मॅक्क्लस्कीचा, आणि ते बरोबरही आहे. १० मे १९८०, हॅम्पडन, पुन्हा रेंजर्स. सेल्टिकची मधल्या बचावपटूंची नेहमीची जोडी निलंबनामुळे बाहेर. नव्वद मिनिटं गोलशून्य, जादा वेळ सुरू. कॉर्नरनंतर चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर आला आणि मॅग्रेनने तो आला तसा हाणला. तो त्याच्या नेहमीच्या शॉटसारखाच होता, म्हणजे भरवशाचा नव्हता. रेंजर्सचा गोलरक्षक पीटर मॅकक्लॉय त्या रोखाने निघाला, इतक्यात मॅक्क्लस्कीने मध्येच पाय घातला, चेंडूची दिशा बदलली आणि तो जाळ्यात गेला. १-०. मॅग्रेनच्या पायातून सुटलेला सगळ्यात महत्त्वाचा शॉट, आणि गोल दुसऱ्याच्या नावावर.

त्यानंतर जे घडलं त्यामुळे फुटबॉल बाजूला पडला. दोन्हीकडचे प्रेक्षक मैदानात उतरले, बाटल्या फुटल्या, घोडेस्वार पोलीस आत आणावे लागले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये फौजदारी न्यायाचा कायदा आला आणि फुटबॉल मैदानांवर दारूला बंदी झाली. सामान्य प्रेक्षकाला तिथे सामन्यात आजही बिअर मिळत नाही, त्याचं मूळ या दुपारी आहे.

१९८२ चा वर्ल्डकप?

स्टीन आता स्कॉटलंडचा व्यवस्थापक होता आणि त्याने आपल्या जुन्या बॅकला कर्णधार म्हणून स्पेनला नेलं. न्यूझीलंडविरुद्ध ५-२ असा विजय मिळाला खरा, पण न्यूझीलंडचा पहिला गोल मॅग्रेनने गोलरक्षकाकडे दिलेल्या तोकड्या पासवर झाला. ब्राझीलविरुद्ध तो सुरुवातीच्या अकरात नव्हता. डेव्हिड नॅरी त्याच्या जागी आला, त्याने अफलातून गोल मारला आणि मग ब्राझीलने चार मारले. सोव्हिएत संघाविरुद्ध २-२ अशा बरोबरीत मॅग्रेन बदली खेळाडू म्हणून उतरला, आणि तोच त्याचा बासष्टावा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. स्कॉटलंड लागोपाठ तिसऱ्यांदा गोलफरकावर बाहेर. पुढच्या वर्षी त्याला एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला.

एकूण काय काय जिंकला?

सात लीग विजेतेपदं (१९७३, १९७४, १९७७, १९७९, १९८१, १९८२, १९८६), पाच स्कॉटिश कप (१९७४, १९७५, १९७७, १९८०, १९८५), दोन लीग कप. युरोपात मात्र हात रिकामे. त्यातल्या त्यात सप्टेंबर १९८२ मध्ये क्रॉयफच्या अयाक्सला घरी २-२ रोखून अ‍ॅमस्टरडॅममध्ये २-१ हरवलं, ती फेरी आठवणीतली.

१९८६ च्या शेवटच्या दिवसाची एवढी चर्चा का?

३ मे १९८६. मॅग्रेनने दोनच दिवसांपूर्वी छत्तिशी पूर्ण केली होती. हार्ट्स या प्रतिस्पर्धी क्लबला लीग जिंकायला डंडीत फक्त बरोबरी हवी होती. सेल्टिकला पेस्लीत सेंट मिरनला मोठ्या फरकाने हरवायचं होतं आणि वर हार्ट्स हरावेत अशी प्रार्थना करायची होती. मध्यंतरापर्यंतच सेल्टिकने धडाका लावला. तिकडे डंडीत शेवटच्या काही मिनिटांपर्यंत ०-० होतं, आणि मग अल्बर्ट किड नावाच्या बदली खेळाडूने दोन गोल मारून हार्ट्सचं वाटोळं केलं. सेल्टिक ५-०, लीग गोलफरकावर. स्कॉटलंडच्या संघाला ज्या गोलफरकाने तीनदा रडवलं होतं त्याने कर्णधाराची निदान इथे तरी उधारी चुकती केली.

त्या सामन्यातला तिसरा गोल जरूर पाहा. सुरुवात मॅग्रेनच्या पायाशी होते, स्वतःच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथे कुणीही शहाणा बचावपटू चेंडू लांब फेकून सुटका करून घेईल. हा घाई न करता जवळच्या माणसाला देतो. मग मर्डो मॅक्लाउड, पॉल मॅक्स्टे, रॉय एटकेन अशा पायांतून चेंडू सरकत जातो, उजवीकडून ब्रायन मॅक्लेअर तो आत ढकलतो आणि मो जॉन्स्टन गोल करतो. हो, तोच जॉन्स्टन, तीन वर्षांनी रेंजर्सचा नियम मोडणारा.

निवृत्ती कधी? पुढे काय केलं?

१९८७ मध्ये सेल्टिकने करार वाढवला नाही आणि तो हॅमिल्टन अ‍ॅकॅडेमिकलला गेला. तिथे पहिल्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून संघ वर आला, मग त्याने बूट ठेवले. इतक्या वर्षांच्या कर्णधाराला निरोप अधिक थाटात द्यायला हवा होता असं सेल्टिकच्या पुष्कळ पाठीराख्यांना वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही.

१९९२ ते १९९४ तो आर्ब्रोथचा व्यवस्थापक होता. उत्तर समुद्राच्या लाटा ज्याच्या मैदानाच्या भिंतीवर आपटतात तो हा क्लब. १८८५ मध्ये बॉन अ‍ॅकॉर्डला ३६-० हरवणारा हाच तो क्लब. मॅग्रेनची दाढी खेळायच्या दिवसांपासून प्रसिद्ध, तेव्हा आर्ब्रोथचे पाठीराखे खोट्या दाढ्या लावून सामन्याला यायला लागले आणि स्वतःला मॅग्रेनची दाढीवाली फौज म्हणवू लागले. निकाल यथातथाच होते, मजा भरपूर होती. नंतर तो सेल्टिकमध्ये परतला आणि तरुण व राखीव खेळाडूंना घडवण्याच्या कामात बरीच वर्षं रमला.

सर्वकालीन तुलनेत तो कुठे बसतो?

२००२ मध्ये सेल्टिकच्या पाठीराख्यांनी आजवरचा सर्वोत्तम संघ निवडला तेव्हा राइट-बॅकच्या जागी मॅग्रेन आला, युरोपियन कप जिंकणाऱ्या जिम क्रेगला मागे टाकून. २००४ मध्ये स्कॉटिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं. ब्रिटनबाहेर मात्र तो फारसा ठाऊक नाही. इंग्लंडला गेला नाही, ऐन बहरातला वर्ल्डकप हुकला, युरोपात ट्रॉफी नाही. डॅल्ग्लिशला जग ओळखतं आणि मॅग्रेनला ग्लासगो, यामागे गुणवत्तेतला फरक कमी आणि ही तीन कारणं जास्त आहेत असं मी म्हणेन.

सेल्टिकचा भारताशी आणखी काही संबंध आहे का?

आहे. विल्सनच्या कितीतरी आधी, १९३६ मध्ये, कोलकात्याच्या मोहम्मद सलीमने सेल्टिकच्या राखीव संघाकडून अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून सामने खेळून ग्लासगोकरांना थक्क केलं होतं.

जुने सामने बघायचे तर सुरुवात कुठून करू?

१९७६ आणि १९७७ चे इंग्लंडविरुद्धचे दोन सामने आधी. दोन्ही स्कॉटलंडने २-१ जिंकले, आणि घोटा दुखावण्यापूर्वीचा, वाऱ्यासारखा पळणारा मॅग्रेन त्यात आहे. मग १९८० ची कप फायनल आणि पेस्लीतला १९८६ चा सामना. एक सूचना : सेल्टिकच्या हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांवर त्या काळी आकडा नसायचा, तो चड्डीवर असायचा. त्यामुळे पाठीवर राइट-बॅकचा दोन नंबर शोधत बसू नका. दाढी शोधा, लगेच सापडेल.